हात मागे, काकू!

टेलरकाकांना कोणी "काय, कसं काय?" असं विचारलं, की उत्तर टेलरकाकू देत.

"आहे आपलं बरं. काल पाय जरा जड होते, आज सुटे आहेत. झोप लागली, पण पहाटे जाग आली."

विचारणारा काकांकडे बघत असे आणि उत्तर शेजारून येत असे. काका नुसती मान हलवत. ती 'हो' म्हणून हलतेय की आजाराने हलतेय, हे कळायला मार्ग नव्हता. एकदा डॉक्टरांनी काकांना "जीभ दाखवा" म्हटलं, तर काकूंनीच आपली बाहेर काढली. डॉक्टर चांगले होते. त्यांनी ती तपासली आणि म्हणाले, "ही उत्तम आहे. आता त्यांची बघू."

काकांना कंपवात होता. त्याआधी त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं, आणि हात असा की लग्नाचा कोट शिवून घ्यायला लोक लांबून येत. मग उजवा हात थरथरू लागला. सुईत दोरा जाईना, कात्री रेघ सोडून चालू लागली. एके दिवशी एका गिऱ्हाइकाचं नवंकोरं कापड त्यांनी टेबलावर पसरलं, बराच वेळ बघितलं, तशीच घडी घालून परत केलं आणि दुकानाला कुलूप लावलं. घरी येताना एकच वस्तू बरोबर आणली, ती म्हणजे गळ्यातली मापाची टेप. ती पुढेही गळ्यातच राहिली. आंघोळीपुरती खुंटीवर जायची, तेवढंच.

त्या दिवशी काकूंनी पदर खोचला तो खोचलाच. शर्टाची बटणं काकू लावणार, दाढी काकू करणार, चपलेचा पट्टा काकू ओढणार, चहाचा कपसुद्धा काकूच धरणार. काकांनी बटणाला हात घातला रे घातला, की "राहू द्या हो, मी करते. तुमचं होईस्तोवर संध्याकाळ होईल!" आणि खरोखरच काकूंच्या हातून बटण चटकन लागायचं. काका हात खाली सोडून द्यायचे. हळूहळू हात उचलायचेही बंद झाले. काकूंना वाटलं, चला, ऐकायला लागले एकदाचे.

आता ह्यात मेख अशी होती, की काकूंच्या स्वतःच्या पोटात खडे होते. पित्ताशयात. जेवणानंतर उजव्या कुशीत अशी कळ यायची, की काकू ओट्याला धरून उभ्या राहायच्या आणि तोंडाने म्हणायच्या, "काही नाही, विचार करत होते." डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या, काही दिवस इथे राहावं लागेल, घरी गेल्यावरही वजन उचलायचं नाही, आणि टाळत राहिलात तर एखाद्या दिवशी जिवावर बेतेल.

"बघते," असं म्हणून काकू उठल्या. घरी येऊन त्यांनी देवापुढे हात जोडले. "देवा, तूच दिलेस खडे, तूच विरघळव. मला वेळ नाही. मी तिथे जाऊन पडले तर ह्यांची बटणं कोण लावणार?" देवाने त्यावर काही कळवलं नाही. लेक लांब, तिचं बाळ अजून पाळण्यात. तिला फोनवर "आम्ही अगदी मजेत" आणि काकांना "थोडा गॅस झालाय" असं सांगून काकूंनी प्रकरण मिटवलं. मिटवलं म्हणजे पदराखाली झाकलं.

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाचा हॉल होता. तिथे सकाळी ही दोघं जात. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला धरून चालायचा लोखंडी दांडा आणि जमिनीवर पावलापावलावर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या. कंपवाताच्या माणसाचे पाय कधीकधी चालता चालता जमिनीला खिळतात, आणि ते नेमके दारात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात आम्ही नाही येत जा. अशा वेळी पुढ्यात आडवी रेघ दिसली, की तेच पाय ती ओलांडायला मुकाट उचलतात. असं का होतं ते हॉलची ताई मेंदूचं चित्र काढून समजावून सांगायची. काकूंनी त्यातून आपला सुटसुटीत अर्थ काढला होता, की देवाने एक दार लावलं तर कडी आपल्या हाताला लागेल अशी ठेवली.

ही हॉलची ताई म्हणजे व्यायाम घेणारी मुलगी. वयाने काकूंच्या लेकीहून लहान, पण कामाला पक्की. तिचा एक नियम होता. हॉलमध्ये आपलं माणूस आपण सांभाळायचं नाही, दुसऱ्याचं सांभाळायचं. घरच्यांपुढे माणूस रुसतो, चिडतो, अंग टाकून देतो. परक्यापुढे लाजेकाजेस्तव दोन पावलं जास्त टाकतो. आणि घरचेही परक्या माणसावर एकदम खेकसत नाहीत. त्यामुळे हॉलभर नुसती अदलाबदल चालायची. काकूंनी मात्र आजवर तो नियम शिताफीने चुकवला होता. काकांचं कोपर त्या सोडतच नसत.

एके सकाळी ताईने ते कोपर सोडवलं.

"काकू, आजपासून काका ड्रायव्हरदादांकडे. तुम्ही हेडबाईंकडे."

"अगं, ह्यांना दारात धरावं लागतं!"

"तेच तर करायचं नाहीये. धरलं, ओढलं, की पाय आणखी घट्ट होतात."

"आणि पडले म्हणजे?"

"मी आहे ना इथे. दादाही आहेत."

ड्रायव्हरदादा मोठा ट्रक चालवायचे. बायको कारखान्यात पाळीवर जायची, म्हणून सकाळी सासूबाईंना हॉलमध्ये आणायचं काम त्यांच्याकडे होतं. ते छाती पुढे काढून म्हणाले, "काकू, मी काचेचा माल नेतो. आजवर एक बाटली फुटू दिलेली नाही."

"माणूस म्हणजे बाटली नाही," काकू पुटपुटल्या.

"नाही ना! बाटलीला पाय नसतात. चला काका, गाडी काढा."

काकांनी मान हलवली. ह्या खेपेला ती आजाराने हलली नव्हती, एवढं सगळ्यांनाच दिसलं.

काकूंच्या वाट्याला आल्या हेडबाई. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनाही हाच आजार होता, पण त्यांचा हात फारसा थरथरत नसे. त्यांचा आवाज गेला होता. एके काळी मैदानाच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाची मारामारी थांबवणाऱ्या बाई आता कुजबुजल्यासारख्या बोलत. घरी धाकटा भाऊ सांभाळायचा. स्वतः आजोबा झाला होता, पण बहिणीपुढे अजून चौथीतच. ताईने त्याला दादांच्या सासूबाईंकडे पाठवलं, तेव्हा त्याचा चेहरा सुट्टी लागल्यासारखा खुलला.

हेडबाई चहाच्या कपाकडे हात नेत होत्या. काकूंचा हात आपसूक पुढे गेला.

"हात मागे," हेडबाई कुजबुजल्या.

"अहो, सांडेल..."

"हात. मागे."

कुजबुजीत केवढी जरब असू शकते, ते काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. हेडबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला, सावकाश ओठांपर्यंत नेला. थोडा चहा सांडला. फरशीवर डाग!

"सांडला," काकू म्हणाल्या.

"फरशीला तहान लागली असेल," हेडबाई म्हणाल्या, आणि उरलेला चहा निवांत प्यायल्या.

तिकडे ड्रायव्हरदादांनी हॉल डोक्यावर घेतला होता. काकांना वळायचं होतं आणि जागच्या जागी वळताना पाय एकमेकांत अडकत होते.

"काका, ट्रक असा जाग्यावर फिरतो का? मोठा वळसा मारा! खिडकीपर्यंत जा. हां, आता येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे घ्या... येऊ द्या... बस्स!"

काका बस्स म्हटल्यावर थांबले. खरंच वळले होते. आरशात त्यांनी स्वतःकडे बघितलं, आणि मग त्यांना हसू आलं. ह्या आजारात चेहरा लाकडासारखा होतो, हसू आतल्या आत राहतं. पण काकूंना ते दिसलं. किती दिवसांनी दिसलं! आणि ते आपल्यासाठी नाही, एका ट्रकवाल्यासाठी, हे पाहून काकूंना जरा झोंबलंही. खोटं कशाला बोला.

असे दिवस जाऊ लागले. काकू हात मागे बांधायला शिकत होत्या आणि ते त्यांना पोटातल्या खड्यांपेक्षा जड जात होतं. हात बांधलेले, मग तोंड तरी चालू ठेवावं, म्हणून त्या देवाचं गाणं गुणगुणायच्या. आवाज खणखणीत. हेडबाईंनी एकदा भुवई वर केली.

"मला देवाधर्मातलं काही कळत नाही."

"मग मी थांबते."

"थांब कोण म्हणालं? मोठ्यांदा म्हण. तालावर पाय पडतोय माझा."

पुढे पुढे हेडबाईही ओठ हलवू लागल्या, मग सूर धरू लागल्या. ताईच्या ते ध्यानात आलं. तिने सांगितलं, रोज म्हणा, पोटातून म्हणा, आवाज परतायला ह्यासारखं औषध नाही. तेव्हापासून देव न मानणाऱ्या हेडबाई रोज सकाळी हॉलमध्ये देवाला अशा काही हाका मारायच्या, की जणू तो वर्गात उशिरा आलाय.

घरी मात्र वेगळीच पंचाईत झाली. हॉलमधल्या पट्ट्या काकांना इतक्या मानवल्या, की ते काकूंना म्हणाले, "अगं, दारात माझ्या खडूने रेघा मारून दे की."

टेलरचा खडू होताच घरात. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात, मोरीच्या दारात, छान सरळ रेघा मारल्या. काका त्या ओलांडून खोलीभर फिरले आणि राजासारखे खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी काकूंनी नेहमीप्रमाणे फरशी पुसली. काका उठले, दारापर्यंत आले आणि खिळले.

"अहो, या ना!"

"रेघ कुठंय?"

काकूंनी हातातल्या फडक्याकडे बघितलं. परत रेघा मारल्या. परत दुसऱ्या दिवशी पुसून टाकल्या. त्यांचं मन रेघा ठेवायला तयार होतं, पण हाताला डाग दिसला की हात कुणाचं ऐकत नसे. असं बऱ्याचदा झालं. शेवटी एकदा काका दारात खिळलेले, काकू कपाळावर हात मारून खडू शोधतायत, तेवढ्यात काकांनी गळ्यातली टेप ओढली आणि पुढ्यात भिरकावून दिली. वाकडीतिकडी, पण आडवी पडली. काकांनी पाय उचलला आणि पलीकडे आले.

"ही पुसून दाखव," ते म्हणाले.

काकूंनी वाकून टेप उचलली, आणि वाकल्या त्या सरळच होईनात. कुशीत सुरी फिरल्यासारखी कळ आली. काका बघत होते. "गॅस," काकू म्हणाल्या.

हे घरी खपलं, हॉलमध्ये खपलं नाही. दुसऱ्या दिवशी हेडबाईंबरोबर चालताना काकूंचा हात पुन्हा कुशीकडे गेला.

"काय होतंय?"

"काही नाही. गॅस झालाय."

हेडबाई थांबल्या. "आयुष्यभर पोरांनी मला पोटदुखीच्या थापा मारल्यात. खोटं पोट कुठलं आणि खरं कुठलं, ते मला वर्गाच्या दारातून कळायचं. बस खाली. बोल."

काकू बसल्या, आणि बोलत बसल्या. खडे, ऑपरेशन, डॉक्टरीणबाई, सगळं आलं. शेवटी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पण मी गेले तर ह्यांचं कसं होणार? ह्यांना काही म्हणजे काही जमत नाही हो."

"हे त्याला विचारलंस?"

"कशाला विचारायचं? मला माहीत आहे ना."

"तेच म्हणते मी," हेडबाई म्हणाल्या. "सगळ्या प्रश्नांची उत्तरं तूच देतेस. पोरगा नापास होणार नाही तर काय?"

काकांचा व्यायाम संपला होता. ते मोठा वळसा घेऊन समोर येऊन उभे राहिले. काकूंनी खाली बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे घाबरतील, हात जास्त थरथरेल, मग रात्री झोप नाही.

काका शांतपणे म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं? कधी?"

"माझे हात थरथरतात गं. डोळे नाही. ओट्याला धरून एवढा विचार कोण करतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलू देशील तेव्हा ना!"

ड्रायव्हरदादा मोठ्यांदा हसले, सासूबाईंनी जावयाकडे डोळे वटारले आणि पदराआड स्वतःच हसल्या. काकू आधी चिडल्या, मग रडल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. हसताना कुशीत दुखलं.

मग ठरायला वेळ लागला नाही. रात्री सोबतीला हेडबाईंचा भाऊ काकांकडे झोपायला येणार होता. त्याला तर तेवढीच मोकळीक. संध्याकाळी ड्रायव्हरदादा काकांना फिरवून आणणार होते. काकूंनी सूचना द्यायला सुरुवात केली. गोळी वेळेवर, पाणी कोमट, उशी डावीकडून, मोजे आधी उजवा. दादांनी शेवटी हात जोडले.

"काकू, एवढ्या सूचनांत मी विमान चालवलं असतं."

ऑपरेशनच्या सकाळी काकूंनी देवाला सांगितलं, "माझं तू बघशीलच. ह्यांच्याकडे जरा जास्त लक्ष दे. आणि हो, ओढू नकोस. ओढलं की पाय घट्ट होतात."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी काकू बायकांच्या वॉर्डात, दारासमोरच्याच खाटेवर पडल्या होत्या. टाके ताणले की दुखत होतं, पण चित्त घरीच. न्याहारी केली असेल का? दाढी? आणि ती बटणं? भेटायची वेळ झाली तशी लोकांची वर्दळ सुरू झाली. काकू दाराकडे डोळे लावून होत्या.

आणि दारात काका आले.

एकटेच पुढे होते. दाढी केलेली होती, हनुवटीपाशी थोडी सुटली होती. शर्ट घातलेला होता, पण बटणं एक घर चुकून लावलेली. त्यामुळे एक खांदा वर आणि दुसरा खाली दिसत होता. ज्या माणसाने जन्मभर लोकांचे खांदे सरळ बसवले, तो असा आला होता. काकूंना बघून ते एक पाऊल पुढे आले, आणि उंबऱ्यात खिळले.

दार मोठं, माणसं मागे थबकलेली. कुणी म्हणालं, "अहो आजोबा, चला ना." कुणी म्हणालं, "धरा त्यांना, धरा." काकांचा पाय जागच्या जागी थरथरू लागला. काकूंनी पांघरूण बाजूला केलं. टाके विसरल्या, सुई टोचलेला हात विसरल्या, कोपरावर जोर देऊन उठू लागल्या.

"हात मागे, काकू!"

काकांच्या पाठीमागून आवाज आला. कुजबूज नाही, खणखणीत आवाज! मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. हेडबाईंचा! काकू जागच्या जागी थांबल्या. त्याच काय, काकांना धरायला निघालेल्या माणसाचे हात मागे गेले. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे गेले. सलाईन बदलणाऱ्या नर्सनेसुद्धा हात झटकन मागे घेतले, आणि मग ती स्वतःशीच चक्रावली.

काकू आडव्या पडल्या, हात पाठीखाली दाबून ठेवले आणि मनातल्या मनात देवाला धरलं. काकांना घाई नव्हती. त्यांनी गळ्यातली टेप ओढली. एकदा निसटली. पुन्हा पकडली आणि पुढ्यात टाकली. ती उंबऱ्यापलीकडे आडवी पडली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला. आत आले.

"येऊ द्या... येऊ द्या..." मागून दादांचा आवाज आला, "थोडं उजवीकडे... बस्स!"

काका खाटेला लागले. दादांनी टेप उचलून त्यांच्या गळ्यात घातली. कोपऱ्यातली एक म्हातारी टाळ्या वाजवू लागली, तिला तिच्या सुनेने गप्प केलं.

काकूंच्या डोळ्यांसमोर ती बटणं होती. हाताच्या अंतरावर. चार बोटं हलवली की खांदे सरळ. त्यांनी हात आणखी घट्ट दाबून धरले.

"बटणं मी लावली," काका म्हणाले.

"दिसतायत," काकू म्हणाल्या. आणि मग, "छान लावलीत."

"चुकलीयत. येताना काचेत दिसलं. मग म्हटलं, परत लावत बसलो तर भेटायची वेळ संपेल."

नर्स कागद घेऊन खाटेपाशी आली. "काय काकू, कसं वाटतंय आज?"

काकूंनी तोंड उघडलं. पण उत्तर शेजारून आलं.

"आहे आपलं बरं," काका सांगत होते. "काल जरा दुखत होतं, आज कमी आहे. झोप लागली, पण पहाटे जाग आली."

नर्सने काकूंकडे बघितलं. काकू काकांकडे बघत राहिल्या. ह्या माणसाने रात्र घरी काढली होती. ह्यांना कोणी सांगितलं? कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"हो," काकू म्हणाल्या. "तसंच."

काकांनी खाटेजवळच्या जगमधून पेल्यात पाणी ओतलं. अर्धं पेल्यात गेलं, अर्धं चादरीवर. पेला त्यांनी काकूंच्या ओठांपाशी धरला, तेव्हा थोडं काकूंच्या मानेवरूनही वाहिलं. गार होतं. नर्स फडकं घेऊन पुढे सरसावली.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "चादरीला तहान लागली असेल."

"ते माझं वाक्य आहे," पायाशी उभ्या असलेल्या हेडबाई मोठ्यांदा म्हणाल्या, आणि वॉर्डातल्या सगळ्यांनी परत हात मागे घेतले.